चुकलेलं उत्तर खोडू नकोस, घेऊन ये

प्रश्न थोडक्यात असा. विद्यार्थिनी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, केमिस्ट्री आणि मॅथ्स दोन्ही विषय आहेत. वर्गात सगळं कळतं, पण घरी गणितं सोडवायला बसलं की तिसऱ्या-चौथ्या ओळीला गाडी अडते. सरांकडे गेलं तर ‘वर्गात लक्ष कुठे होतं?’ हे ऐकावं लागतं. ग्रुपवर टाकलं तर कुणीतरी पूर्ण उत्तराचा फोटो पाठवतं. तो उतरवून काढला तरी पुढचं गणित सुटत नाही. मग मदत मागायची कुणाकडे, मागायची कशी, आणि क्लास लावावा का? सोबत दोन अडलेली गणितं दिली आहेत. एक टायट्रेशनचं: हिचं उत्तर ८.८७, पुस्तकाचं ८.७२. दुसरं सरफेस इंटिग्रलचं: हिचं टू पाय, पुस्तकाचं थ्री पाय.

मी फिजिकल केमिस्ट्री शिकवतो. ट्यूटोरियलला माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीच केमिस्ट्रीत अडलेली नसतातच, गणितात अडलेली असतात; त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं सांगू शकेन.

तू स्वतःची उत्तरं लिहून पाठवलीस हे फार बरं केलंस. बहुतेक जण काय करतात, उत्तर जुळलं नाही की ते खोडतात, पान उलटतात आणि ‘सर, हे सुटत नाहीये’ म्हणत कोरी वही पुढे करतात. कोऱ्या वहीवरून मला काही कळत नाही. मग मी पहिल्या ओळीपासून गणित सोडवून दाखवतो, तू मान डोलावतेस, आणि तुझी अडचण होती तिथेच राहते. चुकलेल्या उत्तरावरून मात्र चूक कुठे झाली ते बऱ्याचदा वही न उघडताच सांगता येतं. तुझ्या दोन्ही गणितांवर ते करून दाखवतो.

आधी टायट्रेशन. फ्लास्कमध्ये ५० मिलि, ०.१ मोलर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. इक्विव्हॅलन्स पॉइंटला, म्हणजे सगळं अ‍ॅसिड नेमकं संपतं तिथे, पीएच किती? तुझं उत्तर आणि पुस्तकाचं उत्तर यांत फरक ०.१५ चा. आता २ चा लॉग ०.३०, त्याच्या निम्मे ०.१५. लॉगमध्ये निम्मं म्हणजे वर्गमूळ. तेव्हा वर्गमुळाच्या आत कुठेतरी दुपटीची चूक झाली आहे, हे आकडाच सांगतो. वर्गमुळाच्या आत दोनच गोष्टी असतात: अ‍ॅसिटेटचा केबी (बेस म्हणून त्याचा स्थिरांक) आणि अ‍ॅसिटेटचं कॉन्सन्ट्रेशन. केबी दुप्पट चुकण्याचं काही कारण नाही. राहिलं कॉन्सन्ट्रेशन. ५० मिलि अ‍ॅसिडमध्ये ब्युरेटमधून ५० मिलि अल्कली पडली, फ्लास्कमध्ये आता १०० मिलि आहे. अ‍ॅसिटेट ०.१ मोलर राहिलं नाही, ०.०५ झालं. तू ०.१ धरलंस. तेवढं बदललं की पीओएच ५.२८ आणि, तो १४ मधून वजा केला की, पीएच ८.७२. बाकी तुझी सगळी रीत बरोबर आहे, आणि हेही मला त्या ८.८७ वरूनच कळलं.

याच गणितात दुसऱ्या कुणाचं उत्तर ७ आलं असतं, तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडला हायड्रोक्लोरिकच्या पंगतीला बसवलं असं मी म्हटलं असतं. अ‍ॅसिटेटचं हायड्रॉलिसिस त्याच्या ध्यानातच आलेलं नाही. उत्तर ५.२८ आलं असतं तर शेवटी १४ मधून वजा करायचं राहिलं. आणि कॅल्क्युलेटरने एरर दाखवली असती तर हेंडरसनचं समीकरण (बफरचा पीएच काढायचं) लावलंय हे उघड आहे. इक्विव्हॅलन्स पॉइंटला अ‍ॅसिड शून्य उरतं, शून्याने भागायला गेलं की दुसरं काय होणार? ते समीकरण अर्ध्या वाटेवर चालतं, २५ मिलि अल्कली पडलेली असताना, आणि तिथे पीएच थेट पीकेएइतका म्हणजे ४.७४ येतो. एकच गणित, पण चुका चार आणि त्यांवरचे उपाय चार. पूर्ण उत्तराच्या फोटोत यातला एकही उपाय नसतो.

आता हेमिस्फिअरचं गणित. सदिश क्षेत्राचे घटक एक्स, वाय आणि (झेड + १). एक त्रिज्येच्या गोलाचा वरचा अर्धा भाग. त्यातून बाहेर जाणारं फ्लक्स (पृष्ठभागातून क्षेत्राचा एकूण प्रवाह) काढा. तू डायव्हर्जन्स थिअरम लावलास, डायव्हर्जन्स आला ३, अर्ध्या गोलाचं घनफळ टू पाय भागिले ३, गुणाकार टू पाय. यात चूक शोधू गेलीस तर सापडणार नाही, कारण हिशेब बिनचूक आहे. फक्त तो दुसऱ्याच पृष्ठभागाचा आहे. डायव्हर्जन्स थिअरमला बंद पृष्ठभाग लागतो. प्रश्नातला अर्धा गोल खालून उघडा आहे. थिअरम लावण्यासाठी तू खाली सपाट चकती बसवलीस, मनातल्या मनात, आणि तिच्यातून किती फ्लक्स गेलं ते वजा करायचं विसरलीस. चकतीवर झेड शून्य, बाहेरची दिशा खाली, म्हणून तिथलं फ्लक्स उणे पाय. टू पायमधून उणे पाय वजा केलं की थ्री पाय. ज्याचं उत्तर एकच पाय येतं, त्याला चकती आठवलेली असते पण तिचा नॉर्मल (पृष्ठभागाला लंब सदिश) वर धरला गेलेला असतो. हाही मुलगा तुझ्याइतकाच उत्तराच्या जवळ आहे, पण त्याला सांगायची गोष्ट वेगळी.

पटत नसेल तर सरळ करून बघ. गोलाच्या पृष्ठभागावर नॉर्मल म्हणजे एक्स, वाय, झेड हाच सदिश. डॉट प्रॉडक्ट घेतला की एक्स वर्ग, वाय वर्ग, झेड वर्ग मिळून १, वर एक झेड. म्हणजे १ + झेड. १ चं इंटिग्रल हे पृष्ठफळ, टू पाय. झेडचं इंटिग्रल पाय. बेरीज थ्री पाय. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की पुस्तकाचं शेवटचं पान उघडायचीही गरज उरत नाही. व्हेक्टर कॅल्क्युलसमध्ये ही सोय जवळपास प्रत्येक गणितात असते, आणि मुलं ती क्वचितच वापरतात.

ही नजर शिकवता येते. त्यासाठी काही आकडे ओळखीचे करून ठेव. एक मोल आदर्श वायू, ३०० केल्व्हिन, आकारमान दुप्पट, उत्क्रमी समतापी प्रसरण: कामाचं मूल्य १७२९ जूल. तुझं १७ आलं तर आर ची (वायू स्थिरांकाची) किंमत ८.३१४ ऐवजी ०.०८२१ घेतलीस, म्हणजे उत्तर लिटर-अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये आहे आणि वर जूल लिहिलंस. त्या दोन आरमध्ये १०१.३ पटीचं अंतर आहे. उत्तर साधारण शंभर पटीने चुकलं की पहिला संशय तिथे घ्यायचा. ७५१ आलं तर नॅचरल लॉगच्या जागी दहाच्या पायाचा लॉग दाबलास, २.३०३ ची तफावत. बरोबर हजार पटीने चुकलं तर जूल-किलोजूल किंवा मिलि-लिटर. नर्न्स्टच्या (सेलच्या विभवाच्या) गणितात उत्तर दुप्पट-तिप्पट आलं तर अभिक्रियेला २ किंवा ३ ने गुणताना प्रमाण विभवालाही गुणलंस. ते गुणायचं नसतं, गुणतात ती गिब्ज ऊर्जा.

आता मदत मागण्याबद्दल. ‘सर, बफरचं काहीच कळत नाही’ या वाक्याला ‘वर्गात लक्ष कुठे होतं’ हेच उत्तर येणार. सरांची बाजू घेत नाही, पण दिवसभराच्या लेक्चरनंतर दुसरं काही सुचतही नाही. त्याऐवजी हे विचारून बघ: ‘सर, इक्विव्हॅलन्स पॉइंटला मी अ‍ॅसिटेट ०.१ धरलं, ८.८७ आलं, पुस्तकात ८.७२ आहे, केबीची किंमत तपासली, ती बरोबर आहे. कॉन्सन्ट्रेशनमध्ये काही चुकतंय का?’ या प्रश्नाला रागावणारा शिक्षक मी पाहिलेला नाही. उत्तर द्यायला त्यांना अर्धा मिनिटही लागत नाही, हा त्यातला खरा फायदा. प्रश्न असा लिहून काढताना निम्म्या वेळा उत्तर तुलाच सापडेल, ते वेगळंच.

वेळही बघावी लागते. केमिस्ट्रीच्या सरांना गाठायची सर्वांत चांगली जागा म्हणजे प्रॅक्टिकल. रिफ्लक्स लावलेला असतो किंवा ग्रॅव्हिमेट्रीचा साका गरम पाण्यावर बसायला ठेवलेला असतो, तेव्हा सगळी लॅब हातावर हात ठेवून असते आणि सरही. रफ वही जवळ ठेव. मॅथ्सच्या मॅडमना कॉरिडॉरमध्ये अडवू नकोस, व्हेक्टर कॅल्क्युलस हवेत बोटं फिरवून सांगता येत नाही. तास संपल्या संपल्या, फळा पुसायच्या आत गाठ. खडू हातात असेल तर त्या आकृती काढतील, आणि या विषयात निम्मी मदत आकृतीत असते.

शिक्षकांच्या आधी मात्र एखादी मैत्रीण गाठ, अभ्यासात तुझ्याच पातळीची. फार हुशार मुलगी या कामाला चालत नाही, ती वही ओढून घेते आणि सोडवून देते. दोघींनी एकच गणित वेगवेगळं सोडवायचं आणि मग उत्तरं शेजारी ठेवायची. जुळली नाहीत तर कुठल्या ओळीपासून वाटा फुटल्या ते शोधायचं. तुमच्या ओळखीत इंजिनिअरिंगचा कुणी दादा किंवा ताई असेल तर तेही सोनं आहे. पुण्याकडच्या पोरांना एम-थ्रीला हाच व्हेक्टर कॅल्क्युलस असतो आणि त्यांनी गणितांचा फडशा पाडलेला असतो. सिद्धता मात्र त्यांना विचारू नकोस.

फुकट आणि चांगलं साहित्य नेटवर भरपूर आहे, पसारा वाढवू नकोस. व्हेक्टर कॅल्क्युलससाठी एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवरचा मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसचा कोर्स, डेनिस ऑरू यांची व्याख्यानं. उत्तरार्धातली पुरेत, लाइन इंटिग्रलपासून पुढची. सरावाला अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं कॅल्क्युलसचं तिसरं पुस्तक, प्रकरण सहा; विषम क्रमांकाच्या गणितांची उत्तरं मागे आहेत, आणि उत्तर आहे पण रीत नाही हीच सरावाला योग्य स्थिती. केमिस्ट्रीला लिबरटेक्स्ट्स ही मोफत पुस्तकांची साइट. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची दोन्ही विषयांची व्याख्यानं आहेत, त्यांचं इंग्रजी समजायला आपल्याला जरा सोपं जातं. जिओजेब्रा या आलेख काढायच्या मोफत ॲपमध्ये पृष्ठभाग काढून फिरवून बघ. बाहेरचा नॉर्मल म्हणजे नक्की कुठला, हा घोळ पाच मिनिटांत मिटतो.

चॅटबॉटचं विचारलं नाहीस, पण वापरत असशील. वापर, फक्त ‘हे सोडवून दे’ म्हणू नकोस. आपली पूर्ण रीत त्याला दे आणि कुठल्या ओळीत चूक आहे तेवढंच विचार. तो जे सांगेल ते तपासायची जबाबदारी तुझी. चिन्हात आणि आकडेमोडीत तो ठसक्यात चुकतो, आणि तू ‘नाही, माझंच बरोबर’ म्हणून अडून बसलीस तर बऱ्याचदा मानही टाकतो. अ‍ॅसिटेटच्या द्रावणाचा पीएच ७ च्या खाली सांगितला तर तो चूक आहे हे तुला न मोजता कळायला हवं.

पैसे घेऊन तयार उत्तरं देणाऱ्या साइट्सपासून लांब राहा. नीतीचं सोड, त्या उत्तरांनी नवा घोळ होतो. एक उदाहरण देतो. आपल्याकडे क्वांटमच्या तासाला, हायड्रोजनचं ऑर्बिटल लिहिताना, झेड अक्षापासूनचा कोन थीटा आणि गोल फिरणारा कोन फाय. अमेरिकन कॅल्क्युलसच्या पुस्तकांत बरेचदा नेमकं उलटं असतं. घनफळाच्या सूत्रात साइन कुठल्या कोनाची घ्यायची ते त्यावर ठरतं. उतरवलेल्या असाइनमेंटमध्ये पहिल्या पानावर साइन थीटा आणि तिसऱ्या पानावर साइन फाय दिसली की तपासणाऱ्याला कळून चुकतं की दोन ठिकाणांहून माल आला आहे. ओपनस्टॅक्स वाचतानाही हे लक्षात ठेव, तिथे कोनांची अदलाबदल आहे. असाच प्रकार थर्मोडायनॅमिक्समध्ये कामाच्या चिन्हाचा. जुन्या पुस्तकांत प्रणालीने केलेलं काम धन, डेल्टा यू (अंतर्गत ऊर्जेतला बदल) म्हणजे क्यू (उष्णता) वजा डब्ल्यू (काम). आता केमिस्ट्रीत आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेची पद्धत चालते, प्रणालीवर केलेलं काम धन, डेल्टा यू म्हणजे क्यू अधिक डब्ल्यू. लायब्ररीत दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर असतात. म्हणून मदत मागताना पुस्तकाचं नाव आणि आवृत्ती आधी सांगायची. उत्तर फक्त चिन्हाने वेगळं असेल तर चूक तुझी नसून पुस्तकं दोन आहेत, असंही निघेल.

क्लास: बी.एस्सी.ला मी तरी घाई करू नकोस म्हणेन. लावायचाच तर एक चौकशी कर, शंकांसाठी वेगळा वेळ आहे का आणि तेव्हा वही तुझी उघडतात की त्यांच्या नोट्स. नोट्स उघडत असतील तर फी वाचव.

शेवटी एक गणित तुलाच देतो, कारण दोन्ही विषय असलेल्या मुलांना हे कुणी दाखवत नाही. एक मोल आदर्श वायूला उत्क्रमी मार्गाने दिलेली उष्णता म्हणजे सीव्ही डीटी अधिक (आरटी भागिले व्ही) डीव्ही; सीव्ही ही स्थिर आकारमानाची उष्माधारिता. याला प्रतलातलं सदिश क्षेत्र समजून, टी आणि व्ही हे दोन अक्ष धर आणि कर्लची तपासणी कर. डीटीच्या सहगुणकाचं व्हीच्या सापेक्ष आंशिक डेरिव्हेटिव्ह शून्य, डीव्हीच्या सहगुणकाचं टीच्या सापेक्ष आर भागिले व्ही. जुळत नाहीत. म्हणजे कर्ल शून्य नाही, लाइन इंटिग्रल मार्गावर अवलंबून, म्हणूनच केमिस्ट्रीच्या तासाला क्यू हे पाथ फंक्शन असतं. आता संपूर्ण राशीला टी ने भाग. दुसरा सहगुणक आर भागिले व्ही, त्यात टी उरलाच नाही, दोन्ही डेरिव्हेटिव्ह शून्य, कर्ल शून्य. जे उरलं त्याचं पोटेन्शियल फंक्शन काढता येतं, आणि ते म्हणजे एन्ट्रॉपी. मॅथ्सच्या वहीत ज्याला इंटिग्रेटिंग फॅक्टर म्हणता तो इथे एक भागिले टी.

हेच तू व्हॅन डर वाल्स वायूवर (ए आणि बी हे त्याचे स्थिरांक) करून बघ. अंतर्गत ऊर्जेत सीव्ही डीटीशिवाय (ए भागिले व्ही वर्ग) डीव्ही या पदाची भर पडते, सीव्ही फक्त टी वर अवलंबून धर. दाबाचं समीकरण तुझ्याकडे आहेच. उष्णतेच्या राशीत ए पूर्णपणे कटला आणि डीव्हीचा सहगुणक आरटी भागिले (व्ही वजा बी) आला, तर बरोबर आहेस. ए कटण्याऐवजी २ए दिसायला लागला तर रीत पुन्हा तपासू नकोस, कामाचं चिन्ह कुठल्या पुस्तकातून उचललंस तेवढं बघ.